एका छपराखाली

वर्ध्याला संमेलन ठरलं की बाहेरगावचे कवी आधी कवितेचं विचारत नाहीत. खोलीला लागून बाथरूम आहे का, हे विचारतात. त्यात गैर काही नाही. माझेही गुडघे आता पन्नाशी ओलांडलेले आहेत. सेवाग्राम आश्रमासमोर यात्री निवास आहे, साधा पण पुरेसा.

पाहुण्याला जागा देणं म्हणजे काय, हे मात्र रस्ता ओलांडून आदिनिवासात पाहावं. १९३६ साली बांधलेलं आश्रमातलं हे पहिलं घर. गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं. बापू, बा, प्यारेलाल, तुकडोजी महाराज, खान अब्दुल गफार खान, सगळे इथे राहिले. खंजिरीवाला साधू आणि नमाजी पठाण यांना एकच छप्पर पुरलं. एका शहरात माझं नाव ऐकताच रिकामं लॉज भरलेलं निघालं होतं, म्हणून मी इथे जरा जास्त वेळ थांबतो.

पुढे परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले बापूंचे सोबती, आणि अंगावर कुष्ठरोग. अशा माणसाला त्या काळी दार कोण उघडणार? बापूंनी आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी उभारली, स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. ती कुटी आजही आहे. फोटोची गर्दी बापूकुटीपुढे असते. वर्ध्याला आलात तर चार पावलं तिकडेही वळा.