खुबा दुखतो, झोप नाही : लपवू नका!

(नवी दिल्ली येथे कोपर्निकस मार्गावर मराठी रेल्वे व डाक कामगारांच्या बैठकीत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आपण जमलो आहोत त्या रस्त्याला कोपर्निकसचे नाव आहे. पृथ्वी स्थिर नाही, ती फिरते, हे सांगणारा त्याचा ग्रंथ १५४३ साली छापला गेला. ज्याचा खुबा दुखतो त्याला हे रोज रात्री पटते! या कुशीवरून त्या कुशीवर फिरण्यातच पहाट होते.

मी मॅट्रिक झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण बारा वर्षे गँगमध्ये बीटर मारला आणि पुढे उजव्या खुब्याने माझी झोप खाल्ली. रुळावर वाकणारा ट्रॅकमन, एकाच खांद्यावर थैली वाहणारा पोस्टमन, रात्रभर उभ्याने टपाल लावणारा आर.एम.एस.चा सॉर्टर, या सगळ्यांचे हे दुखणे आहे. डॉक्टरांनी मला शिकवले तेच सांगतो.

दुखऱ्या कुशीवर झोपू नका. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर सगळा भार येतो. दुसऱ्या कुशीवर झोपा, पण वरचा पाय पुढे लोंबकळू देऊ नका, त्याने खुब्याच्या बाहेरचे स्नायुबंध ताणले जातात. दोन्ही पायांच्या मध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उशी ठेवा. रनिंग रूममध्ये जादा उशी नसेल तर चादरीची जाड गुंडाळी चालते. उताणे झोपत असाल तर गुडघ्याखाली उशी घ्या. पालथे झोपणे टाळा. अंथरूण फार कडक असेल तर वर एक गोधडी घाला. निजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे गरम पिशवीचा शेक घ्या. उठताना आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय एकत्र खाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा. दिवसा पायावर पाय टाकून बसू नका, एकाच पायावर भार देऊन उभे राहू नका.

एवढे करूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. जांघेत खोल दुखत असेल, लंगडावे लागत असेल तर थांबूच नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा एक आजार आहे. दारूने आणि स्टेरॉइडने त्याचा धोका वाढतो, आणि सुरुवातीला तो एक्स-रेमध्ये दिसत नाही, एम.आर.आय. लागतो. म्हणून कोणाच्याही पुड्या खाऊ नका, काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते. वेदनाशामक गोळ्याही रोज मनाने घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंड बिघडते. पडल्यावर पाय टेकवत नसेल, दुखण्याबरोबर ताप असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता खरी गोष्ट. माझ्या गँगमधल्या एका भावाने दोन वर्षे दुखणे लपवले. मेडिकलला गेलो तर अनफिट करतील, घर कसे चालेल, ही भीती. तो गोळ्या गिळून कामावर येत राहिला. शेवटी सांधाच बदलावा लागला. मी सचिव असून मला ते कळले नाही, याची बोच अजून आहे.

बंधूंनो, अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २० नीट समजून घ्या. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता येत नाही, त्याचा हुद्दा खाली आणता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद काढून त्यावर ठेवावे लागते. हा हक्क डावलला गेला तर दाद मागायला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. त्याचे मुख्य पीठ याच कोपर्निकस मार्गावर आहे, आणि मुंबईलाही खंडपीठ आहे.

तेव्हा आज रात्री पायांमध्ये उशी घ्या, आणि उद्या सकाळी दुखणे शाखेच्या पदाधिकाऱ्याला सांगा. लपवलेले दुखणे युनियनला लढता येत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!