रोजच्या वाटेची सायकल

लग्नाची सोयरीक जमविताना आपण सात गावांची चौकशी करतो. परंतु जिच्यावर पुढली दहापंधरा वर्षे रोज बसावयाचे, ती सायकल मात्र रंग पाहून पाव तासात घेऊन टाकतो. मग महिन्याभरात पाठ धरते, तळहात बधिर होतात, सायकल जिन्याखाली जाते आणि गृहस्थ स्कूटरच्या हप्त्यांचा हिशेब मांडू लागतात. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात असे जिने मी पुष्कळ पाहिले आहेत. ज्यांना रोज पाचसात किलोमीटर कचेरीला जाऊन परत यावयाचे आहे, त्यांच्यापुरतेच मी आज बोलणार आहे. शर्यतवाल्यांनी क्षमा करावी.

इंग्लंडात १८८५ साली जॉन केंप स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली आणि १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वंशातली काळी, जड, २८ इंची चाकांची सायकल आपल्या वाडवडिलांनी वापरली. ती आजही बनते. तिला थट्टेने दूधवाल्याची म्हणतात. पण तिची ठेवण नीट पाहावी. तिच्या नळ्या मागे कललेल्या असतात आणि हॅन्डल उंच असते. त्यामुळे बसणारा ताठ बसतो, हातांवर भार येत नाही आणि नजर रस्त्यावर राहते. रुंद स्प्रिंगची सीट अशा ताठ बैठकीलाच शोभते. पुढे वाकून बसणाऱ्याला तीच सीट मांड्यांना घासते. म्हणजे सीट आणि हॅन्डल यांचा विचार एकत्रच करावयास हवा.

माप पाहताना दांडीच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून उभे राहावे. दांडी अंगाला लागता कामा नये. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली, की गुडघा सरळ व्हावा. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून पुष्कळजण सीट खाली घेतात आणि पुढे गुडघ्यांच्या नावाने रडतात. दांडी खाली वाकवलेली सायकल बायकांची, असा एक समज आहे. मागे कॅरिअरवर डबा आणि फायली असताना पाय उंच फिरवून चढण्यापेक्षा तीच अधिक सोयीची. चाळिशी उलटलेल्या पुरुषाने तिचा संकोच का करावा?

एका बाबतीत मात्र मी जुन्या सायकलीची बाजू घेणार नाही. पोलादी रिमवर सळयांनी ओढले जाणारे तिचे ब्रेक पावसात घसरतात, आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने असतात. अ‍ॅल्युमिनियमची रिम ओली झाली तरी पुष्कळ बरी धरते. जुनी बैठक आणि नवे ब्रेक, असा मेळ मिळाला तर सोडू नये. लांब मडगार्ड आणि साखळीवर पूर्ण झाकण हवेच. साहेबापुढे चिखलाचे शिंतोडे आणि वंगणाचा डाग घेऊन उभे राहणे कोणाला आवडेल? पुढच्या चाकाला स्वस्त स्प्रिंगा लावलेल्या भपकेदार सायकली अलीकडे तरुणांना भुलवितात. त्या स्प्रिंगा वजन वाढवितात आणि पायांचे काही श्रम उड्या मारण्यात घालवितात. त्यापेक्षा रुंद, गुळगुळीत टायर घ्यावा आणि त्याच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा दर आठवड्यास भरावी.

गिअरचा प्रश्न वाटेवर सोडावा. पेठांतून शिवाजीनगरला जाणाऱ्याला त्यांची गरज नाही. स्वारगेटहून कात्रजकडे चढणाऱ्याला आहे.

घेण्यापूर्वी सायकल तासभर मागून घ्यावी. कॅरिअरवर आपली रोजची पिशवी बांधावी आणि आपल्याच वाटेने, विशेषतः तिच्यातल्या सर्वांत वाईट तुकड्यावरून, जाऊन यावे. वाटेत कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला ती दाखवावी आणि हिचे सुटे भाग तुमच्याकडे मिळतात का, एवढे विचारून घ्यावे. दुकानदार तासाभरासाठी सायकल द्यावयास तयार नसेल, तर शेजारी दुसरे दुकान असतेच.