ताई ची : तोल सांभाळण्याची विद्या

जेऊरच्या बाजूस व्यायाम म्हटला कीं तालीम व शड्डू आठवतो. चीनमधील हेनान प्रांतांत, चेन गांवीं वाढलेल्या ताई ची या विद्येंत शड्डू नाहीं. परंतु जोराला जोर न भिडवितां प्रतिपक्षाचाच तोल घालविण्याचें तिचें तत्त्व आपल्या पैलवानांस परकें वाटणार नाहीं.

तिचे नियम थोडे : मस्तक सरळ, खांदे सैल, हालचाल कमरेपासून, श्वास सहज, आणि एका पायावर भार पुरता गेल्यावांचून दुसरा उचलावयाचा नाहीं. हा शेवटचा नियम वृद्धांनीं विशेष जपावा. पडून मांडीचें हाड मोडलें म्हणजे चालता माणूस अंथरुणास खिळतो. नियमित अभ्यासानें असें पडणें कमी होतें, हें वैद्यकीय संशोधनांत दिसून आलें आहे. म्हणून प्रथम भिंतीजवळ उभें राहून रोज केवळ भार बदलण्यास शिकावें; हातांचे पवित्रे मागाहून येतील.