घाटात गाडीचा दम का जातो?

सपाट रस्त्यावर ठीक चालणारी डिझेल गाडी कसारा घाटात ओढेनाशी झाली, तर संशय टर्बोवर जातो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून टर्बोचा मोठा शत्रू म्हणजे जुनं किंवा कमी झालेलं ऑइल.

पण लगेच टर्बो बदलायला तयार होऊ नका. काळा धूर आणि 'फुस्स' असा आवाज आला, तर आधी हवेचा रबरी पाइप आणि त्याची क्लिप तपासून घ्या. पुष्कळदा चीर तिथेच सापडते आणि खर्च थोडक्यात भागतो. निळसर धूर, सायरनसारखी शिट्टी आणि वरचेवर उतरणारी ऑइलची पातळी मात्र गंभीर. अशी गाडी पुढे दामटू नका. गळकं ऑइल इंजिनात शिरलं, तर डिझेल इंजिन त्याच्यावरच भडकून पळतं, किल्ली फिरवूनही थांबत नाही. हाताच्या गिअरची गाडी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल.

नवा टर्बो बसवताना ऑइल, फिल्टर बदला आणि ऑइलची नळी साफ करून घ्या. नळी तुंबलेली राहिली, तर नवा टर्बोही जातो. आणि घाट चढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवून मगच बंद करा.