एका जिवंत प्राण्याची नोंद



अकिरा कुरोसावा म्हटले की आपल्याला ‘राशोमोन’ आठवतो, ‘सेव्हन सामुराई’ आठवतो. त्या ‘सामुराई’च्या पाठोपाठ, १९५५ च्या नोव्हेंबरात, त्याने आणखी एक चित्रपट लोकांपुढे ठेवला आणि जपानी प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ‘इकिमोनो नो किरोकु’ हे त्याचे नाव. सरळ अर्थ करायचा तर ‘एका जिवंत प्राण्याची नोंद’. इंग्रजीत त्याला ‘आय लिव्ह इन फिअर’ म्हणतात. मला ते इंग्रजी नाव रुचत नाही. त्यात भय एकट्या ‘मी’चे होऊन बसते, आणि या चित्रपटातले सारे भांडण तर हे भय कोणाचे, याबद्दलच आहे.

कथा अशी. टोकियोत किइची नाकाजिमा नावाचा एक म्हातारा कारखानदार आहे. स्वतःच्या मनगटाच्या जोरावर त्याने ओतकामाचा कारखाना उभा केला आहे. घरात बायको, मुलगे, मुली, सून, जावई. घराबाहेर ठेवलेल्या बाया आणि त्यांची मुले. माणूस तापट, आपल्या शब्दापुढे कोणाचे चालू न देणारा. त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. हायड्रोजन बाँबपासून वाचायचे असेल तर जपान सोडायचा आणि सगळा गोतावळा, बाहेरच्या संसारांसकट, ब्राझीलला नेऊन शेती करायची. आधी त्याने जपानच्या उत्तर भागात जमिनीखाली आसरा बांधायला पैसा ओतला होता. वाऱ्याबरोबर विषारी राख तिकडेही येणार असे वाटल्यावर ते काम अर्ध्यावर टाकले. ब्राझीलची कल्पना वाटते तितकी विचित्र नव्हे. १९०८ पासून जपानी कुटुंबे बोटींनी तिकडे शेतावर जात होती. पण मुलांचे पोट कारखान्यावर. ती कौटुंबिक न्यायालयात अर्ज करतात: वडिलांना आपला व्यवहार पाहण्यास असमर्थ ठरवा, त्यांचे हात बांधा.

हा अर्ज कोणत्या वातावरणात झाला, हे ध्यानात घ्या. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँब उडवला. त्याची शक्ती हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर जपानची एक मासेमारी नौका होती. नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. भाग्य असे की तिच्यावरच्या तेवीस खलाशांच्या अंगावर पोवळ्याची पांढरी राख बर्फासारखी पडली. त्यांतला बिनतारी यंत्र सांभाळणारा आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला. बाजारातले मासे फेकून द्यावे लागले. पावसातही किरणोत्सर्ग सापडला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी आपल्या लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. जपानात गृहिणींनी सह्यांची मोहीम काढली आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या.

तीन कोटी सह्या! आणि तीनच महिन्यांनी हा चित्रपट आला, तर थिएटर रिकामे. मला वाटते, याचे उत्तर चित्रपटातच आहे. सही करून माणूस घरी येतो आणि जेवायला बसतो. नाकाजिमा सही करीत नाही. तो घर विकायला काढतो. भीती सर्वांना मान्य आहे, ती खरी धरून वागणारा मात्र कोणालाच नको आहे.

न्यायालयाच्या मंडळात एक न्यायाधीश, एक वकील आणि हाराडा नावाचा एक साधा दंतवैद्य आहे. जपानी कौटुंबिक न्यायालयात असे सामान्य नागरिकही समेटासाठी बसवतात. म्हाताऱ्याची बुद्धी इतर सर्व बाबतींत शाबूत आहे, हे तिघांनाही दिसते. हाराडाला तर छळतच राहते की ही भीती आपल्या प्रत्येकाच्या पोटात आहे, फरक केवळ प्रमाणाचा. पण कायद्याला प्रमाण ठरवावेच लागते. दुर्बल मनाच्या आणि उधळ्या माणसांसाठी जपानी कायद्यात एक वर्ग होता. तो २००० साली रद्द झाला. नाकाजिमाला त्या वर्गात बसवले जाते.

पुढे ट्रॅममध्ये दोघांची गाठ पडते. म्हातारा जे सांगतो त्याचा आशय असा, की काही करता येत होते तोवर मी भीत नव्हतो. तुम्ही हात बांधलेत आणि आता मला भीतीने घेरले आहे. माझ्या मते चित्रपटाचे मर्म इथे आहे. निकालाने रोग ओळखला नाही, निकालाने तो उत्पन्न केला. यानंतर आकाशात वीज चमकली तरी हा माणूस तान्ह्या मुलावर आडवा पडून त्याला झाकतो.

तोशिरो मिफुनेने हा म्हातारा केला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. गंमत म्हणजे हाराडा करणारा ताकाशी शिमुरा त्याच्याहून पंधरा वर्षांनी वडील! मिफुनेच्या पाठीचा बाक आणि सतत हलणारा हातपंखा पाहताना मात्र हे ध्यानात राहत नाही. ही कल्पना कुरोसावाला सुचली ती त्याचा मित्र, संगीतकार फुमिओ हायासाका याच्या बोलण्यातून. आजारी हायासाका म्हणाला होता की जीवच असा टांगणीला लागला तर काम करणे कठीण. चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १९५५ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. उरलेले संगीत मासारु सातोने पुरे केले.

कुरोसावाने नाकाजिमाला साधुपुरुष केलेले नाही, याबद्दल मी त्याला विशेष मानतो. कारखाना आहे तोवर मुले हलणार नाहीत, म्हणून म्हातारा एका रात्री स्वतःच कारखान्याला आग लावतो. सकाळी त्या राखेत कामगार उभे. त्यांतला एक विचारतो, तुमचे कुटुंब वाचावे म्हणून आम्ही उपाशी मरायचे का? म्हातारा गुडघ्यांवर कोसळतो. तुम्हालाही घेऊन जाईन, म्हणू लागतो. त्याच्या सगळ्या हिशोबात ही माणसे कधी आलीच नव्हती. मुलांचा स्वार्थ आपल्याला पहिल्यापासून दिसत असतो. बापाचा या एका प्रश्नाने दिसतो, आणि तरीही त्याची भीती खोटी ठरत नाही.

शेवटी तो वेड्यांच्या इस्पितळात आहे आणि शांत आहे. आपण दुसऱ्या ग्रहावर सुखरूप पोचलो, अशी त्याची समजूत झाली आहे. त्याला तपासणारा डॉक्टरच बेचैन आहे. वेडा हा, की अशा काळात शहाणे राहू शकणारे आपण, असे त्याला वाटते. हाराडा भेटायला येतो. म्हातारा विचारतो, पृथ्वीचे काय झाले, अजून पुष्कळ माणसे आहेत का तिथे? मग खिडकीतून मावळता सूर्य दिसतो आणि तो ओरडतो, पृथ्वी पेटली, अखेर पृथ्वी पेटली!

हाराडा एक शब्द न बोलता बाहेर पडतो. इस्पितळाच्या उतारावरून तो खाली येत असतो, तेव्हा म्हाताऱ्याच्या बाहेरच्या संसारातली धाकटी बाई तान्हे मूल घेऊन वर चाललेली असते. दोघे एकमेकांजवळून निघून जातात.