तांबडा विंचू आणि अंगातलं मीठ



पेणच्या खारेपाटात ज्यांची शेती आहे, त्यांना उघाडी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. खाडीच्या बांधात बसवलेली ही झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की खाऱ्या पाण्याच्या दाबानेच मिटते. ती नादुरुस्त झाली की खारं पाणी आत घुसतं आणि भात हातचा जातो.

आपल्या शरीरातल्या पेशींनाही अशा उघाड्या असतात. काहींतून सोडियम आत येतं, काहींतून पोटॅशियम बाहेर जातं. हृदयाचा ठोका असो, मज्जातंतूचा निरोप असो की किडनीचं काम, सगळं या उघडझापीवर चालतं. आणि आपल्याकडचा तांबडा विंचू नेमका इथेच घाव घालतो.

हा विंचू दिसायला किरकोळ. काळ्या इंगळीसमोर तर अगदीच पोरगेला. पेण-रोह्याकडे लाकूडफाट्यात, दगडी गडग्यात, पेंढ्याच्या भाऱ्याखाली तो सापडतो. भारा उचलताना बोटाला डंख बसतो. बऱ्याच जणांना नुसती कळ येते, रात्रभर ठणकतं आणि सकाळी उतरतं. पण एखाद्याला ठणका फारसा नसतो आणि अंगातून घामाच्या धारा लागतात, उलट्या सुरू होतात, हातपाय गार पडतात. खरा धोका तिथे असतो, आणि ठणका नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, हेच वाईट.

ही लक्षणं धोक्याची पूर्वसूचना आहेत, हे जगाला सांगितलं आपल्याच जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली धडधाकट माणसं तोंडाला फेस येऊन दगावताना त्यांनी पाहिली. त्या काळी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसच्या आसपास वाचत नसत. बावसकर रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास टिपत राहिले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचं निरीक्षण छापून आलं. विषामुळे सोडियमच्या उघाड्या वेळेवर मिटत नाहीत. मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाहीत, अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी यावर वापरली. १९८६ मध्ये त्याचाही अहवाल ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. २०११ मध्ये डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांची महाडमधली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८.

आता किडनीकडे येऊ. आपल्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून जाणारं मीठ मोजलं तर दीड किलोच्या घरात भरतं. म्हणजे वाण्याकडची दीड पिशवी! त्यातलं ९९ टक्के मीठ किडनी परत आत ओढते. पोटॅशियमचं उलट. जेवणातून येणारं जादा पोटॅशियम बाहेर टाकणं हे तिचं काम, कारण ते रक्तात साचलं तर हृदय बंद पडू शकतं.

किडनी पोटॅशियम बाहेर टाकते कशी, हे उलगडण्याच्या कामी तांबडा विंचूच आला. १९९० साली अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी याच जातीच्या विषातून ३७ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी काढली. नाव आयबेरिओटॉक्सिन. विंचू चावल्यावर जीव जातो तो प्रामुख्याने हिच्यामुळे नव्हे, तो सोडियमच्या उघाड्या मिटू न देणाऱ्या दुसऱ्या घटकांमुळे. हिचं वैशिष्ट्य तिच्या नेमकेपणात आहे. पोटॅशियमच्या उघाड्या अनेक प्रकारच्या. त्यांतल्या एकाच प्रकारच्या तोंडात ही बुचासारखी बसते. प्रयोगशाळेत सशाच्या किडनीतली केसाहून बारीक नळी घेऊन तिच्यातून द्रव सोडला. प्रवाह वाढवला की पोटॅशियम जास्त बाहेर पडायचं. आयबेरिओटॉक्सिन टाकलं आणि ही वाढ थांबली. लघवीचा ओघ वाढला की पोटॅशियम कोणत्या वाटेने जातं, ते त्यावरून कळलं.

सापाच्या विषाची गोष्ट याहून घराजवळची आहे. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात सर्जिओ फरेरा यांना १९६५ च्या सुमारास काही पेप्टाइड सापडली. शरीरात अँजिओटेन्सिन तयार करणारं विकर ती रोखतात. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. त्या पेप्टाइडच्या धर्तीवर कुशमन आणि ओंडेटी यांनी गोळी घडवली, कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. आज रामिप्रिल, एनालाप्रिल अशा तिच्या भाच्या-पुतण्या घरोघरी रक्तदाबासाठी घेतल्या जातात. मधुमेहात किडनीचा ऱ्हास कॅप्टोप्रिलने मंदावतो, हे १९९३ मध्ये दिसून आलं. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. त्याचंही मूळ तेच विकर रोखण्यात आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात हे दोन धागे एकत्र आले. विंचू चावून फुप्फुसात पाणी झालं की लघवी वाढवणारं इंजेक्शन द्यायची रीत होती. पण घाम आणि उलट्यांनी रुग्ण आधीच सुकलेला. त्यात लघवीवाटे आणखी मीठ-पाणी गेलं की रक्तदाब कोसळायचा. डॉ. दिलीप कर्नाड आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना कॅप्टोप्रिल दिलं आणि १९८९ मध्ये त्याचा अहवाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सापाच्या विषावरून बेतलेलं औषध विंचवाच्या विषावर! एरवी रक्तदाब उतरवणारं औषध, आणि इथे उतरलेला दाब सावरायला.

आपल्या भागात घोणसही आहे, आणि तिचं विष किडनीला थेट घातक. रक्त गोठेनासं होतं, लघवी कमी होते. आरोग्य केंद्रात कोऱ्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग कलती करून बघतात. रक्त वाहिलं तर प्रतिविष सुरू करायचं. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. लघवी किती झाली, लाल झाली का, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं.

जाता जाता एक. हल्ली दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून माणसं ते हौसेने आणतात. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. ज्याची किडनी अधू आहे किंवा जो ‘प्रिल’ शेवटी असलेली गोळी घेतो, त्याची किडनी पोटॅशियम नीट बाहेर टाकेलच असं नाही. अशांनी ती पुडी फोडण्याआधी डॉक्टरांना दाखवावी.