डेम्लो संख्या : नऊ एकांचा वर्ग

नाशिकजवळच्या देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळेत अध्यापन करणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव ६१७४ या स्थिरांकामुळे सर्वत्र पोहोचले असले, तरी त्यांच्या संशोधनाची खरी चव डेम्लो संख्यांमध्ये अधिक लागते. डोंबिवलीच्या 'डेम्लो' या जुन्या नावावरून, म्हणजे एका रेल्वे स्थानकावरून, संख्यांच्या एका कुळाचे नामकरण व्हावे, हे गणिताच्या इतिहासात विरळाच.

नऊ वेळा १ हा अंक लिहून त्या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते, जिचा पहिला अंक 'लीलावती' या गणितग्रंथातील स्थाननामांप्रमाणे 'मध्य' या स्थानी, परार्धाच्या एकच घर अलीकडे, येतो. हा गुणाकार कागदावर मांडल्यास एकांच्या नऊ ओळी प्रत्येकी एक घर डावीकडे सरकत उतरतात, त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन आणि मधल्या स्तंभात नऊ एक जमतात, पुढे ते पुन्हा एकेकाने घटतात आणि कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. मधला ९ बाजूला ठेवून डावीकडील १२३४५६७८ आणि उजवीकडील ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ येतात. दोन टोकांची बेरीज मधल्या अंकाचीच आवृत्ती असणे, हे डेम्लो संख्येचे लक्षण होय.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ असून तिला ८१ ने निःशेष भाग जातो. अशा, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या, संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', अर्थात आनंद देणाऱ्या, म्हटले. येथे भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे, ज्यात ८ हा अंक गायब आहे. मूळ अवयव पाहू गेल्यास ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, एवढ्यावर सारे संपते.

हे सर्व अंकांचे खेळ आहेत, असा आक्षेप कापरेकरांच्या कामावर घेतला गेला आणि तो अर्धा खरा आहे, कारण अवयव हे संख्येचे स्वतःचे गुण असतात, तर अंकांची सममिती ही दशमान लेखनाची देणगी असते. आठावर आधारलेल्या पद्धतीत हाच चढउतार सात एकांवरच थांबतो. तथापि लेखनपद्धती कोठवर साथ देते, हा प्रश्नही गणिताचाच असल्याने आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग टिकत नाही. दशमानातली मर्यादा लगेच दिसते : दहा एकांचा वर्ग करताना मधल्या स्तंभात दहा जमून हातचा येतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येऊन, चढणीत ७ नंतर एकदम ९ आणि त्यापुढे दोन शून्ये उभी राहतात.